उलटं विमान आणि तुटकी टोपी: जुन्या अमेरिकन तिकिटांवरच्या छपाईच्या चुका ओळखायला कुठून सुरुवात करावी

फिलाडेल्फियाजवळ राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात, एका शेजाऱ्यांनी घरातलं जुनं सामान विकायला काढलं तेव्हा, मला चाळीस डॉलरला बुटांचा एक खोका मिळाला. आत हजारभर जुनी अमेरिकन तिकिटं होती. लहानपणी पुण्यात वहीत तिकिटं चिकटवली होती, तेवढीच काय ती माझी शिदोरी. उलट्या विमानाच्या, म्हणजे विमान चुकून उलटं छापलं गेल्यामुळे अतिशय मौल्यवान ठरलेल्या तिकिटाची गोष्ट मात्र ऐकून होते. त्यामुळे पुढचे सहा महिने जे जे तिकीट जरा वेगळं दिसेल ते बाजूला काढत गेले. रंग फिका, कड तिरकी, शाईचा डाग, चित्र सरकलेलं. अशी सदतीस तिकिटं जमली. त्यातली खरी दोनच निघाली, आणि ती दोन्ही अगदी साधी होती. मधल्या काळात एका ठिकाणी पैसेही घालवून बसले, ते पुढे सांगतेच.

या गोंधळात माझी दोन वर्षं गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून, मला ज्या क्रमाने कळायला हवं होतं त्या क्रमाने लिहिते आहे.

१. चूक, घोटाळा आणि वेगळेपण यांत फरक करा

संग्राहक तीन गोष्टी वेगवेगळ्या मानतात. पहिली खरी चूक, म्हणजे एरर. मधलं चित्र पूर्ण उलटं, एखादा रंग पूर्ण गायब, चुकीचा रंग, चुकीचा कागद, दोन तिकिटांमधली छिद्रं अजिबात पडलेलीच नाहीत. इथे ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. रंगाचा एक ठिपका जरी शिल्लक असला तरी ‘रंग गायब’ म्हणता येत नाही. दुसरी म्हणजे फ्रीक. छपाई चालू असताना कागदाला घडी पडली, शाई फासली गेली, छिद्रं चित्रावरून गेली. प्रत्येक नमुना निराळा, बघायला गमतीचा, पण बहुतेक वेळा किंमत बेताची. तिसरी म्हणजे व्हरायटी. मूळ प्लेटमध्येच, म्हणजे छपाईच्या धातूच्या पत्र्यातच, काही दोष होता आणि म्हणून त्या जागचं प्रत्येक तिकीट तसंच छापून आलं.

माझ्या सदतीसपैकी तीस तिकिटं दुसऱ्या प्रकारात गेली. चित्र एका बाजूला सरकलेलं असणं ही तर त्या काळच्या अमेरिकन तिकिटांची नेहमीचीच अवस्था आहे. कागद ओला करून छापत, मग तो वाळताना आक्रसे, आणि छिद्रं पाडायचं यंत्र ठरल्या अंतरानेच चाले. नीट मध्यभागी बसलेलं तिकीट मिळणं हेच खरं दुर्मीळ.

२. तिकीट कसं छापलं जायचं ते आधी समजून घ्या

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण कृपा करून गाळू नका. मी गाळली होती.

मऊ पोलादाच्या ठोकळ्यावर कारागीर चित्र उलटं कोरायचा. तो ठोकळा कडक करून त्यावर मऊ पोलादाचा रूळ दाबून फिरवायचे, की रुळावर चित्र उठावात यायचं. मग रूळ कडक करून तो मोठ्या प्लेटवर पुन्हा पुन्हा दाबायचे, शंभर, दोनशे, चारशे वेळा. ही प्लेट यंत्रावर चढायची. म्हणजे चूक शिरायला चार दारं: ठोकळा, रूळ, प्लेट आणि प्रत्यक्ष छपाई. कोणत्या दारातून आली हे कळलं की ती किती तिकिटांवर असणार तेही कळतं. रुळाचा दोष हजारो नव्हे, लाखो तिकिटांवर उतरतो. छपाईतली चूक एखाद्या शीटपुरतीच असू शकते.

दोन रंगांचं तिकीट असेल तर प्रत्येक शीट यंत्रातून दोनदा जायची. चौकट एका रंगात, चित्र दुसऱ्या. दुसऱ्या खेपेला शीट किंवा प्लेट फिरली, की चित्र डोक्यावर उभं! म्हणूनच अमेरिकेची पहिली उलटी तिकिटं १८६९ सालची आहेत. दोन रंगांची तिकिटं तिथे त्याच मालिकेत पहिल्यांदा निघाली. एकरंगी तिकिटात ‘चित्र उलटं, चौकट सुलटी’ असं होऊच शकत नाही. कोणी तसं तिकीट दाखवलं तर पुढे काही बघायची गरज नाही.

३. साहित्य जमवा

फार खर्च नाही. ही यादी पुरे:

- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- बोथट, चपट्या टोकाचा तिकिटांचा चिमटा (बोटांचा घाम तिकिटाला लागता कामा नये)
- छिद्रमापक पट्टी; दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात ते ती सांगते
- वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली पुसट खूण, बघायचा द्रव आणि लहान काळी बशी
- अतिनील दिवा, दुरुस्ती आणि नव्याने लावलेला डिंक पकडायला
- स्कॉट कंपनीचा अमेरिकन तिकिटांचा ‘स्पेशलाइज्ड’ कॅटलॉग

कॅटलॉग महाग असतो. पण चार-पाच वर्षांपूर्वीची आवृत्ती निम्म्याहून कमी पैशांत मिळते आणि ओळख पटवायला तेवढी चालते. किमती तेवढ्या जुन्या धरायच्या. अमेरिकेत असाल तर गावच्या सार्वजनिक वाचनालयात आधी विचारा, पुष्कळ ठिकाणी तो असतो.

वॉटरमार्कचा द्रव ज्वालाग्राही आहे. खिडकी उघडून, गॅस-देव्हाऱ्यापासून दूर बसून वापरा.

४. पहिला सराव स्वस्त तिकिटांवर करा

पहिला धडा १८९३ सालच्या दोन सेंटच्या जांभळट तिकिटाचा. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरतो आहे, असं चित्र. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त निघालेल्या मालिकेतलं हे तिकीट शंभर कोटींहून जास्त छापलं गेलं, त्यामुळे आजही किरकोळ पैशांत ओंजळभर मिळतं. भिंग लावा, कोलंबस शोधा. तिथून आपल्या डाव्या हाताकडे मोजत तिसऱ्या माणसाच्या टोपीवर या. काही तिकिटांवर त्या टोपीच्या माथ्यावर एक पांढरी त्रिकोणी खाच दिसते, जणू कुणी नखाने टवका काढला आहे. हीच ती ‘तुटकी टोपी’, वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारातली, म्हणजे व्हरायटी. रुळावरच्या उठावाचा कण उडाला, आणि त्यानंतर त्या रुळाने केलेल्या सगळ्या प्लेटांत तो दोष उतरला. म्हणून ती दुर्मीळ नाही आणि महागही नाही. पण ती स्वतः शोधताना नजर तयार होते. माझ्या खोक्यातली दोन खरी तिकिटं म्हणजे या दोन टोप्या. पहिली सापडली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मी झोपलेल्या नवऱ्याला उठवून ती दाखवली होती.

दुसरा धडा कागदाचा. १८९५ पासून तिकिटांच्या कागदात ‘यू एस पी एस’ ही अक्षरं दुहेरी रेघेत उमटवलेली असत. त्या वेळी तिकिटं सरकारी छापखान्यात, ब्युरो ऑफ एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंगमध्ये छापली जात, आणि करखात्याच्या महसूल तिकिटांचा कागदही तिथेच होता. त्या कागदात अक्षरं ‘यू एस आय आर’. चुकून तो कागद सहा सेंट (गारफील्ड) आणि आठ सेंट (शर्मन) तिकिटांना वापरला गेला. वरून काहीही दिसत नाही! तिकीट पालथं काळ्या बशीत ठेवा, द्रवाचे थेंब टाका, अक्षरं गडद होऊन वर येतात. एका तिकिटावर एखादंच अक्षर, तेही अर्धवट येतं. ‘यू’ किंवा ‘एस’ दिसला तर काहीच सिद्ध होत नाही, ती अक्षरं दोन्ही कागदांत आहेत. ‘आय’ किंवा ‘आर’ दिसायला हवा. आणि इथेच नवखा माणूस फसतो: खालून कापला गेलेला ‘पी’ घाईत ‘आर’ वाटतो. ‘आर’चा तिरका पाय स्पष्ट दिसल्याशिवाय हुरळून जाऊ नका.

५. मोठ्या चुका ओळखून ठेवा

या आपल्या हाती लागतील अशी आशा धरायची नाही. पण त्यांची ओळख असल्याशिवाय बाजारात काय विकलं जातं आहे ते कळत नाही.

*१८६९ ची मालिका.* पंधरा सेंट (कोलंबसाचं आगमन), चोवीस सेंट (स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा प्रसंग) आणि तीस सेंट (ढाल, गरुड, झेंडे) या तिघांत चित्र उलटं छापलेले नमुने आहेत. तीस सेंटमध्ये झेंडे उलटे. याच मालिकेतल्या नव्वद सेंटच्या लिंकनचं उलटं टपाल तिकीट मात्र सापडलेलं नाही. कोणी विकायला काढलं तर दूर राहा.

*१९०१ ची पॅन-अमेरिकन मालिका.* न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातल्या प्रदर्शनानिमित्त निघाली. चौकट रंगीत, चित्र काळं. एक सेंटवर आगबोट, दोन सेंटवर आगगाडी, चार सेंटवर विजेवर चालणारी मोटार. आगबोट आणि आगगाडी उलटी छापलेली तिकिटं खरोखर टपाल खिडकीवर विकली गेली, त्यातली आगगाडी जास्त दुर्मीळ. उलट्या मोटारीची कथा वेगळी. तसं तिकीट निघाल्याची अफवा उठली, त्यावरून ती मुद्दाम छापली गेली आणि अधिकाऱ्यांच्या हातून बाहेर पडली. टपाल खिडकीवर ती कधीच विकली गेली नाही. त्यामुळे उलट्या मोटारीवर टपालाचा शिक्का दिसला तर शंका घ्या.

*१९१७ चं पाच सेंट लाल.* माझं सगळ्यात आवडतं. दोन सेंटच्या वॉशिंग्टनच्या चारशे तिकिटांच्या प्लेटवर, क्रमांक ७९४२, तीन जागांचे ठसे खराब आले होते. कारागिराने ते घासून काढले आणि पुन्हा रूळ दाबला, पण हातात आला पाच सेंटचा रूळ. दोन्हींवर तोच वॉशिंग्टन, तीच चौकट, फक्त आकडा वेगळा. तपासणाऱ्यांच्या नजरेतून ते निसटलं आणि एरवी निळं असणारं पाच सेंटचं तिकीट लाल रंगात, दोन सेंटच्या शेजाऱ्यांमध्ये बसून देशभर गेलं. ते तीन प्रकारांत मिळतं: छिद्रं १० (म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये दहा), छिद्रं ११ आणि बिनछिद्राचं. छिद्रं ११ वालं त्यातल्या त्यात आवाक्यातलं. नामांकित चुकांपैकी साध्या नोकरदार माणसाने पैसे साठवून घ्यावी अशी ही एक आहे. शक्य असेल तर आजूबाजूच्या दोन सेंटच्या तिकिटांसकट घ्या. चूक काय होती ते तेव्हाच डोळ्यांना दिसतं.

*१९१८ चं उलटं विमान.* चोवीस सेंट, लाल चौकट, मध्ये निळं कर्टिस जेनी विमान. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क ही हवाई टपालसेवा १५ मे रोजी सुरू व्हायची होती, तिकीट घाईघाईत छापलं गेलं. १४ मे रोजी विल्यम रोबी या संग्राहकाने वॉशिंग्टनच्या टपाल कचेरीत चोवीस डॉलर देऊन शंभर तिकिटांची शीट घेतली. दोन रंग आणि घाई म्हणजे चूक होऊ शकते हे ओळखून ते मुद्दाम गेले होते, आणि सकाळच्या खेपेला मनासारखी शीट मिळाली नाही म्हणून पुन्हा गेले होते. शीट हाती आली तेव्हा शंभरही विमानं उलटी! फिलाडेल्फियाचे व्यापारी यूजीन क्लाइन यांनी ती पंधरा हजार डॉलरला घेतली आणि कर्नल एडवर्ड ग्रीन या श्रीमंत संग्राहकाला वीस हजारांना विकली. ग्रीन यांनी शीट फोडून बरीच तिकिटं सुटी केली, काही एकत्र जोडलेल्या ब्लॉकमध्ये ठेवली. एक तर पत्नीच्या लॉकेटमध्ये बसवलं. २०२३ साली शीटमधलं ४९ क्रमांकाचं तिकीट लिलावात सुमारे वीस लाख डॉलरला गेलं.

लक्षात ठेवा, शंभरच. प्रत्येकाची जागा माहीत आहे आणि बहुतेकांचा मालकी-इतिहास नोंदलेला आहे. शीटच्या वरच्या आणि उजव्या कडेला छिद्रं नव्हती, म्हणून एकोणीस तिकिटांची एक तरी बाजू सरळ आहे. वॉशिंग्टनला जाणं झालं तर स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय टपाल संग्रहालयात हे तिकीट जरूर बघा. विमानावरचा क्रमांक ३८२६२ भिंगाशिवाय दिसत नाही, पण उद्घाटनाच्या दिवशी वॉशिंग्टनहून उडालेलं विमान याच क्रमांकाचं होतं. ते वाट चुकलं आणि उत्तरेऐवजी दक्षिणेला मेरीलँडमध्ये उतरलं.

६. हे सापळे टाळा

*मुद्दाम छापलेली उलटी तिकिटं.* २०१३ साली अमेरिकन टपालखात्याने उलट्या विमानाची आठवण म्हणून तसंच तिकीट काढलं. किंमत दोन डॉलर, सहा तिकिटांची शीट. भारतातून नातेवाईक मला दर वर्षी याचा फोटो पाठवतात आणि ‘कोट्यवधींचं आहे का?’ विचारतात. आकडा बघा: चोवीस सेंट नसेल तर नाही. (त्यातल्या शंभर शीटवर विमान मुद्दाम सुलटं छापलं होतं; त्या मात्र मौल्यवान आहेत.) तसंच १९६२ चं, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड यांच्या स्मरणार्थ काढलेलं चार सेंटचं तिकीट. त्यात पिवळा रंग उलटा छापला गेला आणि एका संग्राहकाला शीट मिळाली. टपालमंत्र्यांनी तीच चूक मुद्दाम कोट्यवधी प्रतींत छापून घेतली. म्हणून ते आज चिल्लरीत मिळतं.

*कापलेली छिद्रं.* छिद्रांच्या तिकिटाच्या कडा कात्रीने कापून ‘बिनछिद्राचं दुर्मीळ’ म्हणून विकतात. एकटं तिकीट घेऊ नका, जोडी मागा. जोडीच्या मधली छिद्रं कापून घालवता येत नाहीत. शिवाय १९०८ च्या सुमारास विक्रीयंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांसाठी बिनछिद्राच्या शीट टपालखात्याने स्वतःच काढल्या होत्या. म्हणजे बिनछिद्राचं असणं हीच मुळात चूक असेल असं नाही. आधी कॅटलॉग बघा.

*चित्र कापून फिरवणं.* खऱ्या दोन रंगी तिकिटाचं मधलं चित्र धारदार पात्याने कापून उलटं चिकटवतात. भिंगाखाली चित्राभोवती बारीक रेघ दिसते, आणि पाठीमागून, विशेषतः द्रवात ठेवल्यावर, जोड उघडा पडतो.

*बदललेला रंग.* इथे माझे हात पोळले. वर सांगितलेल्या १८९३ च्या मालिकेत चार सेंटचं तिकीट नेहमी अल्ट्रामरीन, म्हणजे किंचित जांभळी झाक असलेलं निळं असतं. थोडी तिकिटं चुकून वेगळ्या, एक सेंटच्या तिकिटासारख्या गडद निळ्या शाईत छापली गेली. संगणकाच्या पडद्यावर मला ‘निळी चूक’ म्हणून एक तिकीट दिसलं, प्रमाणपत्र नव्हतं, किंमत खऱ्याच्या मानाने फारच कमी. मी घेतलं. तज्ज्ञांकडे पाठवलं तेव्हा उत्तर आलं: साधं तिकीट, रंग रसायनाने बदललेला. तपासणीचं शुल्क गेलं ते वेगळंच. आता मी नियम पाळते: रंगाची चूक फोटोवरून कधीच ठरवायची नाही. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, शेजारी साधं तिकीट ठेवून बघायचं. उन्हाने, धुण्याने, रसायनांनी रंग बदलतात. नारिंगी शाई हवेतल्या गंधकाने तपकिरी, काळपटसुद्धा होते. ती चूक नव्हे, तिकिटाला झालेला आजार आहे.

७. तज्ज्ञांचं प्रमाणपत्र घ्या

अमेरिकन तिकिटांसाठी न्यूयॉर्कची फिलाटेलिक फाउंडेशन आणि पेनसिल्व्हेनियातल्या बेलफॉन्टची अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी (स्थापना १८८६) यांची तपासणी बाजारात मानली जाते. पाठवताना हे जवळ ठेवा:

- भरलेला अर्ज. तिकीट काय आहे असं तुम्हाला वाटतं ते त्यात कॅटलॉग क्रमांकासह लिहायचं
- तिकिटाच्या दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो, स्वतःकडे ठेवायला
- खरेदीची पावती आणि जुनं प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत
- शुल्क (बहुधा तिकिटाच्या किमतीवर अवलंबून असतं)
- विमा उतरवलेल्या नोंदणीकृत टपालाची पावती

उत्तर यायला आठवडे, कधी महिनेही लागतात. ‘खरं’, ‘खरं पण दुरुस्त केलेलं’, ‘खरं नाही’ किंवा ‘मत देत नाही’ यांपैकी काहीही येऊ शकतं.

भारतात राहून खरेदी करणार असाल तर तिकीट तपासणीला परदेशी पाठवण्यापेक्षा प्रमाणपत्रासकटच विकत घ्या. आणि प्रमाणपत्र आहे म्हणून डोळे मिटू नका. त्यावरचा फोटो आणि हातातलं तिकीट शेजारी ठेवून कडेचा एकेक दात मोजत जुळवा. एका प्रदर्शनातल्या विक्रीटेबलावर मी असं जुळवलं, तेव्हा वरच्या कडेचा एक आखूड दात फोटोत लांब होता. प्रमाणपत्र खरं होतं, तिकीट दुसरंच होतं. मी काही न बोलता परत ठेवलं.

८. घरी आणल्यावर

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात घर असेल तर पावसाळा हा तिकिटांचा खरा शत्रू. डिंक ओल धरतो आणि तिकीट पानाला कायमचं चिकटतं. अल्बम आडवे रचू नका, उभे ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि उघडीप मिळाली की पानं चाळा. डिंक असलेलं तिकीट पाण्यात बुडवायचं नाही, चिकटपट्टी तर घरातही आणायची नाही.

तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीची पुसट खूण असेल तर ती खोडरबराने साफ करू नका. क्लाइन यांनी उलट्या विमानाच्या प्रत्येक तिकिटामागे त्याचा शीटमधला क्रमांक असाच हलक्या पेन्सिलीने लिहिला होता. १९५५ साली व्हर्जिनियातल्या नॉरफोक इथे अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीच्या अधिवेशनातून संग्राहक एथेल मॅकॉय यांचा उलट्या विमानाच्या चार तिकिटांचा ब्लॉक चोरीला गेला: क्रमांक ६५, ६६, ७५ आणि ७६. मॅकॉय यांनी पुढे त्या तिकिटांचा हक्क सोसायटीच्या ग्रंथालयाला दिला. पुढच्या तीन दशकांत दोन तिकिटं सापडली, तिसरं २०१६ मध्ये. ६६ क्रमांकाचं अजून सापडलेलं नाही. कुणाच्या आजोबांचा अल्बम चाळताना चोवीस सेंटचं उलटं विमान समोर आलंच, तर चिमट्याने हलकेच उलटवून आधी पाठ बघा.